कर्णपरिसरातील नीलांचे भेद

कानाच्या पाळीभोवती, कानामागील हाडात आणि मध्यकर्णाच्या तळाशी असणाऱ्या नीलांची (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांची) जागा, संख्या, व्यास आणि परस्परसंबंध यांत निरोगी व्यक्तींमध्ये जे स्वाभाविक फरक आढळतात, त्यांना कर्णपरिसरातील नीलांचे भेद म्हणतात. हे भेद म्हणजे रोग नव्हेत व बहुतेक व्यक्तींना आयुष्यभर त्यांची जाणीवही होत नाही. तथापि कानावरील शस्त्रक्रिया, कानातील पूयजनक रोगांचा मेंदूकडे होणारा प्रसार आणि डोक्याच्या क्ष-किरण वा चुंबकीय प्रतिमांचे वाचन या तीन प्रसंगी त्यांचे अज्ञान धोक्याचे ठरते. प्रौढांमध्ये हे भेद किती प्रमाणात आढळतात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सुमारे दीड शतकात अनेक शारीरविज्ञांनी व शस्त्रक्रियाविशारदांनी शोधले. त्यांनी दिलेले आकडे मात्र परस्परांशी जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत, हे समजण्यासाठी या अभ्यासाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

शारीर : कर्णपरिसरातील नीलांचे दोन गट पडतात. पहिला गट कवटीबाहेरील नीलांचा होय. शंखप्रदेशाच्या त्वचेखालून येणारी उत्तान शंखनीला आणि वरच्या जबड्याकडून येणारी नीला यांच्या संयोगाने कानाच्या पुढे, अनुकर्ण लालाग्रंथीत, हनुपश्च नीला तयार होते. तिची एक शाखा कानामागून येणाऱ्या पश्चकर्ण नीलेस मिळून बहिर्ग्रीवा नीला बनते. गाताना किंवा श्वास रोखून धरताना मानेच्या बाजूस जी नीला फुगलेली दिसते ती हीच. या गटातील भेद पुष्कळ आहेत. हनुपश्च नीलेच्या शाखा नेहमीपेक्षा वर किंवा खाली फुटतात. एखादी शाखा मुळीच नसते. बहिर्ग्रीवा नीला दुहेरी असते किंवा अगदी बारीक असते. बहुतेक व्यक्तींत चेहऱ्याच्या स्नायूंना जाणारी आनन तंत्रिका हनुपश्च नीलेच्या बाहेरच्या बाजूने जाते, परंतु काही व्यक्तींत तिची एखादी शाखा नीलेच्या आतील बाजूने गेलेली आढळते. अनुकर्ण ग्रंथीवरील शस्त्रक्रियेत या संबंधाला विशेष महत्त्व असते.

दुसरा गट कवटीच्या आतील नीलांचा होय. मेंदूतील रक्त दृढावरणाच्या (मेंदूवरील सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाच्या) थरांमध्ये असलेल्या रुंद मार्गांतून वाहते. या मार्गांना नीलाकोटर म्हणतात. डोक्याच्या मध्यरेषेवरून मागे येणारा ऊर्ध्व मध्य नीलाकोटर पश्चकपालाच्या आतील बाजूस पोहोचला की, तेथून उजवा व डावा असे दोन अनुप्रस्थ नीलाकोटर निघतात. प्रत्येक अनुप्रस्थ कोटर कानाच्या मागे येऊन खाली वळतो व शंखास्थीच्या कर्णमूल भागातील खोबणीतून अवग्रहाच्या (ऽ) आकाराचे वळण घेत जातो. या भागास अवग्रहाकार नीलाकोटर म्हणतात. जुन्या ग्रंथांत या दोन्ही भागांना मिळून पार्श्व नीलाकोटर असे नाव आहे. कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रातून बाहेर पडताना तो अंतर्ग्रीवा नीलेत परिवर्तित होतो. या संधिस्थानी नीलेस घुमटासारखा फुगवटा असतो, त्यास नीलाकंद म्हणतात. नीलाकंद मध्यकर्णाच्या अगदी खाली असून दोहोंमध्ये हाडाचा केवळ एक पातळ पडदा असतो. याखेरीज अवग्रहाकार कोटरापासून निघून कानामागील हाडातील छिद्रावाटे कवटीबाहेर येणारी एक छोटी नीला असते. तिला कर्णमूल निर्गम नीला म्हणतात [→ कान].

या गटातील प्रमुख भेद पुढीलप्रमाणे आहेत : (१) दोन्ही बाजूंचे अनुप्रस्थ व अवग्रहाकार कोटर सारखे नसणे. बहुसंख्य व्यक्तींत उजवा कोटर डाव्यापेक्षा मोठा असतो व काहींत एका बाजूचा कोटर अतिशय अरुंद किंवा जवळजवळ नसल्यासारखा असतो. (२) अवग्रहाकार कोटर नेहमीपेक्षा पुढे, म्हणजे कर्णनलिकेच्या मागील भिंतीच्या जवळ असणे. (३) नीलाकंद नेहमीपेक्षा उंच असणे. (४) नीलाकंद किंवा अवग्रहाकार कोटर यांवरील हाडाचा पडदा काही ठिकाणी अपूर्ण असणे; अशा वेळी नीला मध्यकर्णात किंवा कर्णमूलातील वायुकोशिकांत उघडी पडते. (५) नीलेच्या भिंतीला पिशवीसारखा फुगवटा असणे. (६) कर्णमूल निर्गम नीला नसणे, एकाहून अधिक असणे किंवा फार मोठी असणे. (७) भ्रूणावस्थेतील एखादी नीला प्रौढपणीही टिकून राहणे.

प्राचीन निरीक्षणे : कानाजवळच्या शिरा त्वचेतून दिसत असल्यामुळे त्यांच्याकडे वैद्यांचे लक्ष फार पूर्वी गेले. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या हवा, पाणी व स्थळे यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात सिथियन लोक विशिष्ट आजारात दोन्ही कानांमागील शिरा कापून रक्त काढीत असल्याचा उल्लेख असून, या शिरा कापल्याने पुरुषत्व नष्ट होते अशी ग्रंथकाराची समजूत होती. कवटीच्या आतील नीलामार्गांचे पहिले ठळक वर्णन अलेक्झांड्रिया येथील हीरॉफिलस (इ. स. पू. सु. ३३५–२८०) यांच्याकडे जाते. डोक्याच्या मागील भागात नीलाकोटर जेथे एकत्र येतात त्या जागेला त्यांनी द्राक्षे पिळण्याच्या कुंडाची उपमा दिली. हे नाव गेलेन यांच्या लेखनातून पुढे लॅटिन परंपरेत रूढ झाले.

भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेतील दोन स्थळे या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. शारीरस्थानात शरीरातील सिरांची संख्या ७०० दिली असून त्यांपैकी ९८ सिरांचा वेध करू नये असे सांगितले आहे. कानांतील दहा सिरांपैकी प्रत्येक बाजूची शब्दवाहिनी एक सिरा टाळावी, असाही निर्देश तेथे आहे. येथे ‘सिरा’ या शब्दाची व्याप्ती आधुनिक नीलेपेक्षा मोठी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. सूत्रस्थानातील कर्णवेधाच्या अध्यायात मात्र वेगळी दृष्टी दिसते. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात बालकाचे कान टोचताना पाळी सूर्यप्रकाशात धरून पाहावी आणि जेथे स्वाभाविक मोकळी जागा दिसेल तेथेच वेध करावा, असे तेथे सांगितले आहे. कालिका, मर्मरिका व लोहितिका या तीन सिरांना इजा झाल्यास ज्वर, दाह, सूज, गाठ, मान आखडणे, कर्णशूल इ. उपद्रव होतात, असेही त्यात नमूद केले आहे. पहिल्या स्थळी सर्व माणसांसाठी एकच ठरीव संख्या आहे, तर दुसऱ्या स्थळी प्रत्येक बालकाची पाळी स्वतंत्रपणे पाहण्याचा आदेश आहे. ठरीव संख्या आणि प्रत्यक्ष व्यक्ती यांतील हा फरक या विषयाच्या पुढील इतिहासातही वारंवार पुढे येतो. कान टोचण्याचा विधी महाराष्ट्रात अद्याप प्रचलित आहे [→ संस्कार].

शवविच्छेदनाचा काळ : मानवी शवाच्या विच्छेदनावर आधारलेले शारीर सोळाव्या शतकात दृढ झाले. आंड्रेअस व्हेसेलियस (१५१४–६४) यांच्या १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या सात भागांपैकी तिसरा भाग रक्तवाहिन्यांविषयी आहे. त्या काळी रक्तमोक्षण हा प्रमुख उपचार असल्यामुळे नीलांच्या मार्गांचा वाद हा व्यवहाराचा वाद होता. व्हेसेलियस यांनी स्वतः १५३९ साली रक्तमोक्षणासाठी कोणती नीला निवडावी या विषयावर एक पत्ररूप निबंध प्रसिद्ध केला होता. तथापि ग्रंथातील चित्र एकच असे आणि विच्छेदनात आढळणारा फरक हा त्या चित्रापासून झालेला अपवाद समजला जाई. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडल्यावर नीलांचे कार्य स्पष्ट झाले, पण त्यांच्यातील भेदांचे प्रमाण मोजण्याची कल्पना अद्याप दूर होती.

अठराव्या शतकात इटलीमध्ये कानाचे सूक्ष्म शारीर आकाराला आले. बोलोन्या येथील आंतॉन्यो मारीआ व्हाल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांचा मानवी कानावरील ग्रंथ १७०४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाह्यकर्ण, मध्यकर्ण व अंतर्कर्ण ही आज सर्वपरिचित असलेली विभागणी त्यांनी केली. व्हेनिस येथील जोव्हान्नी दोमेनीको सांतोरीनी (१६८१–१७३७) यांनी १७२४ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत कवटीच्या आतील व बाहेरील नीलांना जोडणाऱ्या निर्गम नीलांचे वर्णन केले. व्हाल्साल्व्हा यांचे शिष्य जोव्हान्नी बात्तीस्ता मोर्गान्ये (१६८२–१७७१) यांनी १७६१ मधील आपल्या महाग्रंथात, कानातून वाहणारा पू हा मेंदूतील विद्रधीचा परिणाम नसून त्याचे मूळ आहे, असे प्रतिपादन केले. यामुळे कान आणि मेंदू यांमधील मार्ग हा वैद्यकातील महत्त्वाचा प्रश्न ठरला. त्या मार्गांपैकी एक प्रमुख मार्ग नीलांचा होता.

शस्त्रक्रियेची निकड : एकोणिसाव्या शतकात या ज्ञानाला जीवनमरणाचे स्वरूप आले. मध्यकर्णातील पू कर्णमूलाच्या हाडात शिरला की तो अवग्रहाकार कोटराच्या भिंतीपर्यंत पोहोचे, कोटरात रक्ताची दूषित गुठळी होई आणि तिचे कण रक्तावाटे फुप्फुसांत व इतरत्र जाऊन रुग्ण तीव्र थंडीतापाने दगावे. रोगी बहुधा लहान मुले व तरुण असत. जर्मन वैद्य व्हिल्हेल्म ग्रीझिंगर (१८१७–६८) यांनी या रोगात कानामागील हाडाच्या पाठीमागच्या कडेवर येणाऱ्या सुजेकडे लक्ष वेधले. कर्णमूल निर्गम नीलेत गुठळी पसरल्यामुळे ही सूज येते. पण ज्या रुग्णात ही निर्गम नीला मुळात नसेल किंवा अगदी बारीक असेल, त्याच्यात कोटरात गुठळी असूनही हे चिन्ह दिसणार नाही. एक शारीर भेद निदानाचे चिन्ह कसे नाहीसे करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

हेर्मान श्वार्ट्‌झ (१८३७–१९१०) यांनी १८७३ मध्ये कर्णमूलाचे हाड उघडून पू काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया मांडली. १८८० मध्ये प्राग येथील एमानुएल त्साउफाल यांनी कोटर उघडून दूषित गुठळी काढावी व संसर्ग खाली पसरू नये म्हणून अंतर्ग्रीवा नीला बांधावी, अशी सूचना केली. इंग्लंडमध्ये विल्यम आर्बथनॉट लेन (१८५६–१९४३) यांनी १८८८ मध्ये अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि लवकरच चार्ल्स बॅलन्स (१८५६–१९३६) यांनी तिचा पुरस्कार केला. पूर्वी जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणाऱ्या या रोगातून काही रुग्ण वाचू लागले.

शस्त्रक्रिया सुरू होताच नीलांचे भेद शस्त्रक्रियाविशारदाच्या हाताखाली प्रत्यक्ष आले. छिन्नीने हाड उघडताना कोटर अपेक्षेपेक्षा पुढे असेल, तर तो फुटून एकदम मोठा रक्तस्राव होई. त्यामुळे हाडाच्या पृष्ठभागावरील खुणांवरून सुरक्षित जागा ठरविण्याचे प्रयत्न झाले. ग्लासगो येथील विल्यम मॅक्यूएन (१८४८–१९२४) यांचे या क्षेत्रातील कार्य पायाभूत आहे. कर्णनलिकेच्या द्वारामागील ज्या लहान त्रिकोणाकार जागेतून कर्णमूलातील मुख्य पोकळी गाठता येते, ती जागा त्यांच्या नावाने ओळखली जाते. मेंदू व मेरुरज्जू यांच्या पूयजनक रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी डोक्याच्या छेदांचा त्यांचा चित्रसंग्रहही प्रसिद्ध झाला. मध्यकर्णातील पू बाहेर काढण्यासाठी कर्णपटलास छेद देतानाही क्वचित धोका उद्‌भवे. नीलाकंद उंच व उघडा असेल, तर छेदाबरोबर गडद रक्ताचा लोट येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशा घटनांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत होऊ लागली.

गणनेचा प्रारंभ : भेदांची नोंद अपवाद म्हणून न करता त्यांचे प्रमाण मोजावे, हा विचार याच काळात बळावला. ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथील शारीरविज्ञांची संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली. तिने १८९० च्या सुमारास एक समिती नेमून ठरावीक प्रश्नांवर निरनिराळ्या विच्छेदनगृहांतून आकडे गोळा करण्यास आरंभ केला. जपानमध्ये बुनतारो आदाची (१८६५–१९४५) यांनी जपानी लोकांच्या रोहिणी व नीला यांच्या भेदांची प्रचंड सांख्यिकीय नोंद केली. नीलांवरील त्यांचे जर्मन भाषेतील खंड १९३३ व १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बार्न्स वुडहॉल यांनी १९३६ मध्ये नीलाकोटरांच्या संगमस्थानाच्या भेदांचा अभ्यास प्रसिद्ध केला व १९३९ मध्ये पार्श्व कोटराच्या शारीराचे कर्णरोगांच्या दृष्टीने विवेचन केले. दोन बाजूंचे कोटर समान असण्यापेक्षा असमान असणेच अधिक स्वाभाविक आहे, हे अशा अभ्यासांतून निश्चित झाले. उजवी बाजू बहुधा प्रबळ असते, कारण ऊर्ध्व मध्य कोटरातील रक्त बहुसंख्य व्यक्तींत उजवीकडे वळते. शिवाय उजव्या बाजूचा हृदयाकडे जाणारा नीलामार्ग डाव्यापेक्षा आखूड व सरळ असतो.

या निष्कर्षाचे महत्त्व एका निदानपरीक्षेच्या इतिहासावरून कळते. हान्स क्वेकेनश्टेट (१८७६–१९१८) यांनी १९१६ मध्ये मानेतील नीला दाबल्यावर मेरुद्रवाचा दाब वाढतो की नाही, हे पाहण्याची परीक्षा वर्णिली. तिच्या आधारे बॉस्टन येथील जॉर्ज टोबी व जेम्स आयर यांनी १९२५ मध्ये पार्श्व कोटरातील गुठळी ओळखण्याची रीत सुचविली. कटिप्रदेशात सुई घालून मेरुद्रवाचा दाब मोजावयाचा व मानेतील अंतर्ग्रीवा नीला एकेका बाजूस दाबावयाची. निरोगी बाजू दाबली की दाब झपाट्याने वाढतो. गुठळी असलेल्या बाजूस दाबल्यास तो वाढत नाही, कारण त्या बाजूने रक्त आधीच वाहत नसते. ही रीत तर्कशुद्ध होती. पण ज्या व्यक्तीचा एका बाजूचा कोटर जन्मतःच अरुंद असेल, तिच्यात गुठळी नसतानाही दाब वाढत नसे आणि परीक्षा फसत असे. अशा निदानावर विसंबून शस्त्रक्रिया करण्यात दुहेरी धोका होता : निरोगी कोटर उघडला जाई आणि प्रबळ बाजूची नीला चुकून बांधली गेल्यास मेंदूतील रक्ताचा परतीचा मार्ग अडे. नीलाभेदांचे प्रमाण हा केवळ शारीरविज्ञांच्या कुतूहलाचा विषय नाही, हे यावरून दिसून येते.

सल्फा औषधे १९३५ नंतर आणि पेनिसिलीन १९४० नंतरच्या दशकात वापरात आल्यावर कानापासून होणारे नीलाकोटराचे रोग पुष्कळ कमी झाले. मात्र याच सुमारास नीलाकंदाला नवे महत्त्व प्राप्त झाले. स्टेसी गिल्ड यांनी १९४१ मध्ये नीलाकंदाच्या घुमटावरील सूक्ष्म, रक्तवाहिनीयुक्त पिंडांचे वर्णन केले व १९४५ मध्ये हॅरी रोझेनवॉसर यांनी तशाच पिंडापासून उद्‌भवलेल्या मध्यकर्णातील अर्बुदाची नोंद केली. तेव्हापासून कर्णपटलामागे तांबूस वा निळसर गोळा दिसला की तो अर्बुद आहे की केवळ उंच नीलाकंद आहे, हा प्रश्न निर्माण झाला. परीक्षेसाठी त्याचा तुकडा काढणे दोन्ही स्थितींत धोक्याचे असल्यामुळे बाहेरून निश्चिती करण्याची गरज तीव्र झाली.

प्रतिमांचे युग : क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला व एगास मोनीश (१८७४–१९५५) यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण सुरू केले. तथापि जिवंत व्यक्तीच्या शंखास्थीतील नीलामार्ग स्पष्ट दिसू लागले ते संगणकीय छेदचित्रणामुळे (सीटी स्कॅनमुळे). गॉडफ्री हाउन्सफील्ड (१९१९–२००४) यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्रण १९७१ मध्ये झाले. त्यांना व ॲलन कॉर्मॅक (१९२४–९८) यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० नंतर शंखास्थीचे एक-दोन मिलिमीटर जाडीचे छेद मिळू लागले. त्यानंतर चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने नीलांतील रक्तप्रवाहाचेही चित्रण होऊ लागले. शवविच्छेदनात शेकड्यांनी मोजता येणाऱ्या कानांची संख्या आता हजारांवर गेली.

याबरोबर जुनी चूक नव्या रूपात समोर आली. चुंबकीय चित्रणात प्रवाह मंद किंवा मार्ग अरुंद असेल, तर नीलाकोटर मध्येच तुटल्यासारखा दिसतो व तेथे गुठळी असल्याचा भास होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूची प्रतिमा निर्दोष असलेल्या १०० व्यक्तींपैकी ३१ व्यक्तींत अनुप्रस्थ कोटरात असे खंड दिसले. त्यांपैकी एकही खंड प्रबळ बाजूच्या कोटरात नव्हता. बहुतेक दुर्बळ बाजूच्या व थोडे समान कोटरांपैकी एखाद्यातील होते. टोबी व आयर यांच्या परीक्षेला फसविणारा भेद पाऊण शतकानंतर प्रतिमेलाही तसाच फसवीत होता.

भेदांची उत्पत्ती : भेद का निर्माण होतात, हे भ्रूणविज्ञानाने स्पष्ट केले. डॉर्कस पॅजेट यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानवी कवटीतील नीलांचा विकास टप्प्याटप्प्याने दाखविला. गर्भावस्थेत नीलांचे जाळे प्रथम विपुल असते. मेंदू व कवटी वाढत असताना त्यातील काही मार्ग मोठे होतात व काही लोपतात. कोणता मार्ग टिकावा हे सर्वत्र एकसारखे ठरत नाही. म्हणून नीलांमध्ये रोहिणींपेक्षा अधिक भेद आढळतात. शंखास्थीच्या दोन भागांमधील सांध्यावरून जाणारा एक नीलाकोटर मनुष्यात बहुधा लोप पावतो, पण कुत्र्यासारख्या प्राण्यांत तो टिकून कवटीबाहेर उघडतो. मनुष्यात तो क्वचित टिकल्यास कानावरील शस्त्रक्रियेत अनपेक्षित रक्तस्राव होऊ शकतो.

नीलाकंदाचा विकास याहून वेगळा आहे. गर्भात तो जवळजवळ नसतोच. जन्मानंतर मूल उभे राहू लागल्यावर रक्तप्रवाहाच्या बदललेल्या दाबांमुळे तो घडत जातो, असे मानले जाते. उंच नीलाकंद दोन वर्षांखालील बालकांत सहसा आढळत नाही. त्याचे प्रमाण पुढे वाढत जाऊन प्रौढपणी स्थिरावते. म्हणून बालकांच्या व प्रौढांच्या कानांची एकत्र गणना केल्यास प्रौढांतील प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

प्रमाण व त्याची मर्यादा : उंच नीलाकंदाचे प्रौढांतील प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत शेकडा सुमारे ५ पासून २० हून अधिक असे दिलेले आढळते. कर्णमूल निर्गम नीलेचे छिद्र काही अभ्यासांत निम्म्याहून थोड्या अधिक, तर काहींत जवळजवळ सर्व कवट्यांत आढळले आहे. या विसंगतीची कारणे चार आहेत.

पहिले कारण व्याख्येचे होय. नीलाकंदास ‘उंच’ केव्हा म्हणावे, याविषयी एकमत नाही. काहींच्या मते तो कर्णपटलाच्या खालच्या कडेच्या वर असल्यास उंच होय. काहींच्या मते अंतर्कर्णातील कर्णावर्ताच्या (श्रवणाच्या शंखाकृती नलिकेच्या) तळाच्या वेढ्यापर्यंत पोहोचल्यास. तर काहींच्या मते श्रवण तंत्रिकेच्या अस्थिमार्गाच्या तळापासून २ मिमी.च्या आत आल्यास. पहिल्या व्याख्येने उंच ठरणारा नीलाकंद तिसऱ्या व्याख्येने स्वाभाविक ठरू शकतो.

दुसरे कारण पद्धतीचे होय. कोरड्या कवटीत नीला नसते, केवळ तिचे छिद्र किंवा खोबण असते. विच्छेदनात नीला दिसते, पण ती रिकामी व मिटलेली असते. प्रतिमेत ती रक्ताने भरलेली दिसते, परंतु हाडाचा अतिशय पातळ पडदा छेदाच्या जाडीमुळे नसल्यासारखा भासू शकतो. म्हणून प्रतिमांवरून काढलेले उघड्या नीलांचे प्रमाण सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या प्रमाणाशी जुळेलच असे नाही.

तिसरे कारण मोजमापाच्या एककाचे होय. समजा, १०० व्यक्तींच्या २०० कानांपैकी १२ कानांत एखादा भेद आढळला व तो १० व्यक्तींत विभागलेला असला, तर कानांच्या हिशेबाने प्रमाण शेकडा ६ होते व व्यक्तींच्या हिशेबाने शेकडा १०. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

चौथे कारण व्यक्तींच्या निवडीचे होय. ज्यांच्या कानाचे चित्रण केले जाते, ते बहुधा कानाच्या तक्रारीसाठी आलेले असतात. नाडीच्या ठोक्यांबरोबर कानात आवाज येण्याच्या तक्रारीत हे स्पष्ट दिसते. २०१४ मधील एका अभ्यासात ही तक्रार नसलेल्यांमध्ये अवग्रहाकार कोटरावरील हाड अपूर्ण असल्याचे प्रमाण शेकडा १ च्या आसपास, तर तक्रार असलेल्यांमध्ये शेकडा २० हून अधिक आढळले. केवळ रुग्णालयातील रुग्ण मोजल्यास सर्वसामान्य लोकांविषयी चुकीची कल्पना होते.

म्हणून एखाद्या भेदाचे प्रमाण सांगताना तो कोणत्या व्याख्येने, कोणत्या पद्धतीने, कोणत्या वयाच्या व कोणत्या व्यक्तींत मोजला, हे सांगणे आवश्यक असते. त्याविना दिलेला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

व्यावहारिक महत्त्व : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ मधील अहवालात मध्यकर्णाच्या चिरकारी पूयजनक रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशांत भारताचा समावेश केला होता. त्यामुळे कर्णमूलावरील शस्त्रक्रिया येथे मोठ्या संख्येने कराव्या लागतात. ‘कॉक्लिअर इंप्लांट’ या नावाने परिचित असलेले उपकरण बसवितानाही उंच नीलाकंद किंवा पुढे आलेला अवग्रहाकार कोटर वाटेत येऊ शकतो. अशा शस्त्रक्रियांपूर्वी केलेल्या शंखास्थीच्या छेदचित्रणामुळे त्या रुग्णाच्या नीला कोठे आहेत हे आधीच कळते व शस्त्रक्रियेचा मार्ग त्याप्रमाणे ठरविता येतो.

दुसरीकडे, अन्य कारणासाठी केलेल्या चित्रणाच्या अहवालात ‘उंच नीलाकंद’ किंवा ‘एका बाजूचा अरुंद नीलाकोटर’ असा उल्लेख आल्यास रुग्ण व त्याचे कुटुंबीय घाबरतात. लक्षणे नसतील, तर अशा भेदाला कोणत्याही उपचाराची गरज नसते. भविष्यकाळात कानावर शस्त्रक्रिया होणार असल्यास तो अहवाल जपून ठेवून शस्त्रक्रियाविशारदास दाखविणे पुरेसे असते. नाडीच्या ठोक्यांबरोबर सतत आवाज येणे, कमी ऐकू येणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असल्यास मात्र तज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. त्यातही आढळलेला भेद हाच त्या लक्षणाचे कारण आहे असे गृहीत धरता येत नाही, कारण तोच भेद लक्षणे नसलेल्या अनेकांमध्येही असतो.

शारीराच्या ग्रंथांतील चित्र आजही एकच असते आणि अध्ययनासाठी ते उपयुक्त आहे. परंतु ते बहुसंख्यांचे चित्र होय, प्रत्येकाचे नव्हे, हे दीड शतकाच्या गणनेने दाखवून दिले आहे. शेकडेवारीमुळे कोणत्या धोक्याची अपेक्षा ठेवावी ते कळते. विशिष्ट रुग्णाची नीला कोठे आहे, हे त्या रुग्णालाच तपासून ठरवावे लागते. कर्णवेधापूर्वी बालकाची पाळी उजेडात धरून पाहण्याच्या प्राचीन आदेशामागील तत्त्वही हेच आहे.